कोकणात गाडी घेतलीत? मग आगोटीच्या कामात तिलाही धरा

मे संपत आला की आमच्याकडे घरोघरी एकच घाई, कौलं परतून झाली का, लाकडं पडवीत आली का, सुकी मासळी नि मसाला डब्यात भरला का. ही सगळी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची कामं. गेल्या काही वर्षांत वाडीत गाड्या बऱ्याच आल्या, पण आगोटीच्या यादीत गाडीचं नाव काही अजून आलेलं नाही, ती आपली अंगणात आंब्याखाली तशीच उभी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो पाच हजार पण चालली नाही अजून, तिला काय होतंय?"

इथेच चुकतं. घाटावर गाडी चालून झिजते, आपल्याकडे ती उभी राहून पण तेवढीच झिजते. समुद्राचा खारा वारा, चार महिने ओल, जांभ्याची लाल धूळ, आणि कोल्हापूर असो की कराड, वर जायचं तर घाट चढायचा आणि परत उतरायचा. त्यामुळे नवीन गाडीवाल्याने पहिली सवय लावायची ती किलोमीटर न बघता तारीख बघायची. कंपनीच्या पुस्तकात सर्व्हिसच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे महिने आधी होतात आणि तेच विसरले जातात. तसंच बहुतेक पुस्तकांत खडतर वापराचं एक वेगळं पान असतं, धूळ, डोंगराळ रस्ता, जवळजवळच्या फेऱ्या, असं काय काय लिहिलेलं. ते एकदा निवांत वाचा, आपल्याच गावाचं वर्णन वाटेल.

सुरुवात हवेपासून

टायरकडे आधी वळतो कारण गाडी आणि रस्ता यांच्यात चार पंजांएवढं रबर सोडलं तर दुसरं काही नसतं, आणि पावसात सगळा जीव त्यावरच.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर एक स्टिकर दिसेल (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो). त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते, दोन माणसं असताना किती आणि गाडी भरलेली असताना किती. छोट्या गाड्यांना बहुतेक ३० ते ३६ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास. आकडा तिथलाच धरायचा, टायरच्या अंगावर जो जास्तीत जास्त दाबाचा आकडा कोरलेला असतो तो भरायचा नसतो, ती त्या टायरची शेवटची मर्यादा आहे. पंपावर हवा भरणाऱ्याला आकडा सांगितला नाही तर तो सगळ्यांना एकच भरतो, मग गाडी कुठली का असेना. आकडा आपणच सांगायचा, मागचा वेगळा असेल तर तोही, आणि पंपावर हवा फुकट असते त्यामुळे मागायला संकोच नको.

हवा मोजायची टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, गाडी काढायच्या आधी. वीसेक किलोमीटर चाललं की टायर तापतो आणि आकडा ३-४ पीएसआयने वर जातो, तो बघून जास्त झाली म्हणून कोणी हवा काढतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. माझं ऐका, हाताने वापरायचा छोटा गेज घेऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका, ३०० ते ५०० रुपयांत बऱ्यापैकी मिळतो. दर पंधरा दिवसांनी एकदा, आणि घाट चढायच्या आदल्या दिवशी. व्हॉल्व्हची टोपी काढून गेज सरळ दाबायचा, फुस्स आवाज येत राहिला तर तिरका बसलाय, परत दाबा. मोजून झालं की व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावून बघा, बुडबुडा आला तर हवा तिथूनच जातेय. टोपी मात्र विसरू नका, नाहीतर लाल माती आत जाते आणि व्हॉल्व्ह हळूहळू सोडायला लागतो. नायट्रोजनसाठी पैसे मागितले तर माझं मत असं की गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, पैसे घालण्यापेक्षा वेळेवर मोजा.

स्टेपनीची हवा सगळ्यात जास्त विसरली जाते. तिच्यात २-३ पीएसआय जास्तच ठेवा, कमी करायला वेळ लागत नाही. काही नवीन गाड्यांत स्टेपनीच नसते, २०२० मध्ये नियम बदलला, टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चरचं किट दिलेलं असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. गाडी घेताना डिकीचा तळ उचलून आत काय आहे ते बघून घ्या, राजापूरच्या पुढे रात्री अकरा वाजता कळायला नको.

टायर वाचायला शिका

टायरच्या अंगावर १८५/६५ आर १५ असं काहीतरी असतं. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, १५ म्हणजे रिम किती इंची. पण मी सगळ्यांना आधी दुसरा आकडा शोधायला लावतो. डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, समजा २३१९, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. एका बाजूला सापडला नाही तर आतल्या बाजूला असतो. मला एका टायरवाल्याने नवीन म्हणून जोडी विकली, चकचकीत, वरचे रबरी केस पण तसेच, घरी येऊन आकडे वाचले तर तीन वर्षं जुनी. परत नेली, त्याने बदलून दिली, पण वाद घालण्यात अर्धा दिवस गेला. तेव्हा टायर रिमवर चढवायच्या आधी दुकानातच आकडा वाचायचा आणि बिलावर लिहून घ्यायचा.

वय का बघायचं, तर रबर वापरलं नाही तरी कडक होतं. ज्यांची गाडी गावात कमी चालते त्यांच्या टायरची नक्षी सहा वर्षांनी पण नवीन दिसते, आणि बाजूला बारीक बारीक भेगा पडलेल्या असतात, सुकलेल्या खाजणाच्या चिखलासारख्या. असा टायर कोरड्यात चालतो, पहिल्या पावसात घसरतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवायचा, आणि दहा वर्षांचा टायर कसाही दिसत असला तरी काढायचाच.

नक्षीची खोली कायद्याने १.६ मिमी लागते. मोजायला काही लागत नाही, नक्षीच्या चरीत तळाशी रबराचे आडवे छोटे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोण असतो त्याच्या सरळ रेषेत बघा, टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की संपला. पण १.६ ही कायद्याची रेषा झाली, आपल्या पावसाला ती पुरत नाही. चरींचं काम पाणी बाहेर फेकायचं, त्या उथळ झाल्या की ६६ नंबरच्या हायवेवर जिथे पाणी साचतं तिथे टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. असं झालं तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग वळवू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि सरळ धरून ठेवा, चाकं परत रस्ता पकडतात. मी स्वतः ३ मिमीच्या खाली टायर पावसात नेत नाही, जून लागायच्या आधीच बदलतो.

झीज कशी आहे त्यावरून पण कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवत आलात, मध्येच झिजला तर जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलंय, आपल्याकडे साकवाच्या तोंडाशी नाहीतर साइडपट्टीच्या खड्ड्यात एकदा जोरात आदळलं तरी तेवढ्याने बिघडतं. तुकड्या-तुकड्यांनी झिजला तर चाकांचं बॅलन्सिंग (वजनाचा तोल) किंवा शॉकॲब्सॉर्बर बिघडलाय. साधारण १०,००० किमीला चाकांची अदलाबदल करून घ्या, म्हणजे चारही सारखे झिजतात. आणि दोनच नवीन टायर घेणार असाल तर ते मागे बसवायला सांगा. पुष्कळ जण पुढे बसवतात, पण ओल्या वळणावर मागचे टायर सुटले तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

पंक्चर

आगोटीत घरांवर पत्र्यांची कामं चालू असतात, त्यामुळे मे महिन्यात वाडीच्या रस्त्यावर पत्र्याचे खिळे हमखास. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका, तो असेपर्यंत हवा हळू जाते. हवा भरून जवळचं दुकान गाठा. तिथे बाहेरून भोकात रबराची वात घालतात, वेळ मारून न्यायला ठीक आहे, पण आतून पॅच मारलेलं कधीही पक्कं. बाजूच्या भिंतीला भोक असेल, काप गेला असेल किंवा फुगा आला असेल तर तो टायर गेला, कोणी दुरुस्त करून देतो म्हटलं तरी देऊ नका, तो फुगा फुटतो तेव्हा आधी सांगत नाही. आणि बसलेल्या टायरवर 'दुकान जवळच आहे' म्हणून एक किलोमीटर सुद्धा चालवू नका, आतून रबराचा भुगा होतो.

चाक बदलायला एकदा घरच्या अंगणातच शिका, दिवसाउजेडी. सपाट जागा, हँडब्रेक, गिअरमध्ये, जे चाक बदलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड. नट आधी जमिनीवर असतानाच ढिले करा, मग जॅक. पावसात लाल मातीत जॅक रुततो, म्हणून मी डिकीत फूटभर लांबीची जाड फळी ठेवतो. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा. गाडी उचलून खाली चिरे रचून ठेवतात ते कधीच करू नका, चिरा दिसतो भक्कम पण कोपऱ्यावर वजन आलं की ठिसूळ निघतो आणि खाली माणूस असतो. नवीन चाक बसवलं की नट समोरासमोरचे आवळा, ओळीने नाही, आणि ५०-१०० किमीनंतर परत एकदा आवळून घ्या. खाऱ्या हवेने नट जाम होतात, दुकानात हवेच्या गनने आवळलेले तर बाईमाणसालाच काय, दणकट माणसाला पण रस्त्यात सुटत नाहीत. वर्षातून दोनदा तरी हाताच्या पान्याने सोडवून बघा.

बॉनेट उघडा

घाबरायचं काही नाही, बघायच्या चार-पाचच गोष्टी. इंजिन ऑइल सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी. काडी काढून फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा, दोन खुणांच्या मध्ये पातळी पाहिजे. रंग काळा झाला म्हणून लगेच खराब नाही, पण दुधाळ चहासारखा दिसला तर आत पाणी जातंय, गाडी तिथेच थांबवा. ज्यांची गाडी रोज फक्त बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर जाते त्यांचं ऑइल नीट तापतच नाही, त्यातली ओल उडून जात नाही, म्हणून त्यांनी दहा हजाराची वाट न बघता तारखेला बदलायचं, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवायची.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, इंजिन गार असतानाच बघायचं. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा, विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ असतात, रेडिएटर आतून खातात.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आपल्याकडे लवकर धरते. आधी काळी वायर काढा, मग लाल, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, सुकवा, लावताना लाल आधी आणि काळी शेवटी, वर व्हॅसलिनचा पातळ हात. वाइपरचं रबर मेमध्ये उन्हाने कडक झालेलं असतं, दरवर्षी बदला, फार पैसे लागत नाहीत. आणि काचेच्या खालच्या जाळीत आंबा-फणसाची पानं अडकतात, पाणी जायची वाट बंद होते, मग पाणी आत पायाखाली येतं आणि लोक गळती शोधत बसतात. गाडी झाडाखाली असेल तर आठवड्याला हाताने काढा.

ब्रेक आणि घाट

हे मी कितीही जणांना सांगितलं तरी मला पुरेसं वाटत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, हा त्याचा स्वभावच आहे. ओल शोषली की ते कमी तापमानाला उकळतं. आणि घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. म्हणजे दमट हवा आणि घाट, दोन्ही आपल्याच नशिबात, आणि दोन्ही एकाच जागी येऊन मिळतात. मी एकदा कोल्हापूरहून आंबा घाटाने उतरत होतो, गाडीत पाच माणसं, डिकीत गुळाच्या ढेपा. चौथ्यात गाडी, उतारभर ब्रेकवर पाय. साखरप्याच्या अलीकडे जळका वास आला आणि पेडल मऊ लागलं, उशीवर पाय ठेवल्यासारखं. दुसरा गिअर टाकून, हळूहळू हँडब्रेक ओढत बाजूला घेतली, अर्धा-पाऊण तास सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मेकॅनिकने नंतर ब्रेक ऑइल काढून दाखवलं, चार वर्षांचं, काळ्या चहाच्या रंगाचं.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी बदलतो, गाडी कितीही कमी चाललेली असो. आणि उतरताना, ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं. कुंभार्ली, करूळ, आंबोली, कुठलाही असो, दुसरा-तिसरा टाका, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक मारायचा तर नीट मारायचा आणि सोडायचा, सतत पाय टेकवून ठेवायचा नाही. ऑटोमॅटिक असेल तर एल, २ किंवा मॅन्युअल मोड वापरा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं हा समज डोक्यातून काढून टाका, आताच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर जवळपास पेट्रोल घेतच नाहीत.

पावसात सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर आवाज येतो तो डिस्कवर रात्रीत चढलेल्या गंजाचा, दोन-चार ब्रेकमध्ये जातो. दिवसभर येत राहिला तर मात्र पॅड बघून घ्या.

खारं पाणी

किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका. मुरुड, कर्दे, गुहागर, सगळीकडे दर सुट्टीत कोणाची तरी गाडी रुतते, भरती येते आणि पुढचं सगळे बघतात. न रुतता बाहेर आली तरी खारं पाणी बेअरिंगमध्ये, ब्रेकमध्ये, तळाच्या सांध्यांत गेलेलं असतं. दाभोळ-धोपावे नाहीतर वेश्वी-बागमांडला फेरीबोटीने गेलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा, वरून चकचकीत केली नाही तरी चालेल. मासळीची पेटी डिकीत ठेवता तेव्हा बर्फाचं खारट पाणी ठिबकत स्टेपनीच्या खळग्यात जाऊन बसतं, वर चटई असते म्हणून वर्षभर दिसत नाही. चटई उचलून बघा. खाली मोठा प्लास्टिकचा ट्रे ठेवला की प्रश्न मिटला. दरवाज्यांच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पाणी आत राहून दरवाजा खालून सडतो, काडीने मोकळी करत जा.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारू नका. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि आतला रॉड वाकतो. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, अख्ख्या गाड्या बुडाल्या होत्या. अशी गाडी चावी न फिरवता, शक्य असेल तर बॅटरीची काळी वायर काढून, टो करूनच न्यायची. साध्या विम्यात इंजिनचं असं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, नदीकाठी राहत असाल तर घ्याच.

चतुर्थीपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर

मुंबईला राहून गाडी गावी ठेवणारे बरेच आहेत. भावाची गाडी जून ते चतुर्थी हँडब्रेक लावून अंगणात होती, आला तेव्हा हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं हलेनात, ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला चिकटलेले. म्हणून हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावा, चिऱ्याचं खरं काम हेच. माडाखाली उभी करू नका. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो, पडवीला चिकटून शेड असेल तर उत्तम. टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवा, हवा ४-५ पीएसआय जास्त भरा म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत, बॅटरीची काळी वायर काढा. भाताच्या गोणीशेजारी ठेवाल तर उंदीर वायरी कुरतडणारच. घरात कोणी असेल तर त्यांना सांगून ठेवा, पंधरा दिवसांनी एकदा वायर लावून गाडी गेटाच्या बाहेर चार-पाच किलोमीटर फिरवून आणायची, जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद केली तर बॅटरी आणखी उतरते.

पाऊस ओसरला की पहिल्या रविवारी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, चटया काढून खळ्यात वाळत टाका, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस चारही दरवाजे नि डिकी उघडी ठेवा, पण आतले दिवे बंद करून.